किशोरवयीन मुलांना पुस्तकांची गोडी कशी लावावी : बडोद्यातील मराठी पालकांसाठी

बडोद्यातील मराठी घरांत तेरा-चौदा वर्षांच्या मुलामुलींच्या वाचनाचा विषय निघाला की दोन तक्रारी हमखास एकत्र येतात. मूल पुस्तक हातात धरत नाही, ही पहिली; आणि त्याला मराठी धड वाचता येत नाही, ही दुसरी. दोन्ही तक्रारी खऱ्या असतात. परंतु त्या एकच आहेत असे समजून आपण त्यांच्यावर एकच उपाय करतो, म्हणजे मुलाच्या हाती एखादे नावाजलेले मराठी पुस्तक देतो, आणि बहुतेक प्रयत्न तिथेच थांबतात. वाचनाची गोडी लावणे हे एक काम आहे आणि मराठी वाचन पक्के करणे हे दुसरे. दोन्ही कामे करण्याजोगी आहेत, पण दोन्हींचा भार एकाच पुस्तकावर टाकला तर ते पुस्तक कितीही उत्तम असले तरी मुलाच्या लेखी ते अभ्यासाचेच पुस्तक ठरते. म्हणून आधी गोडी, मग मराठीचे वाचन, आणि मधल्या काळात मराठी कानांवाटे चालू, असा क्रम मी सुचवतो.

मूल नेमके कुठे अडते ते आधी पाहावे

आपल्या मुलांना किती लिप्या आणि भाषा एकाच वेळी सांभाळाव्या लागतात, याचा विचार आपण क्वचितच करतो. घरात मराठी बोलणारे मूल इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जाते, गल्लीत आणि मैदानावर गुजरातीत बोलते, शाळेत हिंदी शिकते, आणि २०२३ च्या कायद्यानंतर गुजरातमधील सर्व शाळांत पहिली ते आठवीपर्यंत गुजराती विषय सक्तीचा झालेला आहे. देवनागरी त्याला येते ती हिंदीच्या पाठ्यपुस्तकातून. शिरोरेषा नसलेली गुजराती लिपी आणि शिरोरेषेखाली बांधलेली देवनागरी यांच्यामध्ये त्याची नजर रोज ये-जा करत असते. त्यातच मराठी शब्द हिंदीपेक्षा लांब होतात, कारण हिंदीत जे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये बहुधा सुटी लिहिली जातात ती मराठीत शब्दाला जोडून येतात. ‘शेजाऱ्यांच्याबरोबरसुद्धा’ हा शब्द बोलताना मुलाला जराही अडचण येत नाही, पण छापलेला पाहिल्यावर ते तीन ठिकाणी थबकते. अक्षर ओळखण्यातच सगळे लक्ष खर्ची पडले की गोष्टीसाठी लक्ष उरत नाही, आणि गोष्ट हाती लागली नाही की पुस्तक कंटाळवाणे वाटणारच. अशा मुलाला वाचनाची नावड आहे असे म्हणणे अन्यायाचे आहे. त्याचा वाचनाचा वेग त्याच्या आकलनाच्या फार मागे पडलेला असतो, इतकेच.

हे तपासण्याची रीत सोपी आहे. घरात दुसरे कोणी नसताना मुलाला तीन वेगवेगळ्या भाषांतले एकेक पान वाचायला सांगावे, आणि हे पाहुण्यांसमोर किंवा भावंडांसमोर कधीही करू नये. शाळेच्या भाषेत ते सहज वाचत असेल आणि केवळ मराठीत अडखळत असेल, तर प्रश्न सरावाचा आहे आणि त्याचा विचार शेवटी केला आहे. तिन्ही भाषांत अडखळत असेल, ओळ सुटत असेल, एकच शब्द एका पानावर वेगवेगळ्या तऱ्हेने लिहीत असेल, आणि बोलण्यात मात्र तल्लख असेल, तर आधी डोळे तपासून घ्यावेत आणि मग बालरोगतज्ज्ञांच्या किंवा विशेष शिक्षकांच्या सल्ल्याने वाचन-अक्षमतेची, म्हणजे डिस्लेक्सियाची, तपासणी करावी. डिस्लेक्सियाचा बुद्धीशी किंवा आळसाशी काही संबंध नाही. परीक्षा मंडळे अशा विद्यार्थ्यांना जादा वेळेसारख्या सवलती देतात. अशा मुलाने पुस्तक ऐकले तरी ते वाचनच मानावे, आणि घरातील कोणीही त्याला कमी लेखू नये.

अडचण नसलेली पण न वाचणारी मुले दोन प्रकारची दिसतात. काहींना वाचनाचा चांगला अनुभव कधी आलेलाच नसतो. काही मात्र दहाव्या-अकराव्या वर्षापर्यंत भरपूर वाचत होती आणि मग एकाएकी थांबली. ही दुसरी मुले पालकांना अधिक कोड्यात टाकतात. त्यांच्या थांबण्याचे कारण केवळ मोबाईल नसते. बालसाहित्य त्यांना आता लहान वाटू लागलेले असते, मोठ्यांच्या कादंबऱ्यांपर्यंत ती अजून पोहोचलेली नसतात, आणि नेमकी ट्यूशन वाढलेली असते. मधल्या वयाची पुस्तके मराठीत अजूनही हवी तितकी नाहीत, हे कबूल करूनच पुढे जावे. अशा मुलासाठी पूर्वीची आवड परत आणण्याचा खटाटोप करण्यापेक्षा त्याच्या आताच्या वयाचे नवे काही शोधणे सोपे जाते.

पुस्तक कोण निवडणार

बडोद्यात राहून मुलांच्या वाचनाविषयी बोलायचे आणि सेंट्रल लायब्ररीचा उल्लेख टाळायचा, हे शक्य नाही. नाशिककडच्या कवळाणे गावातून सुमारे बाराव्या वर्षी, १८७५ मध्ये, दत्तक म्हणून इथे आलेल्या गोपाळरावांना तोपर्यंत अक्षरओळखही जवळजवळ नव्हती. पुढे तेच सयाजीराव महाराज झाले, १९०६ मध्ये त्यांनी संपूर्ण संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, अमेरिकेतील सार्वजनिक ग्रंथालये पाहून आल्यावर १९१० मध्ये विल्यम बोर्डेन या अमेरिकी ग्रंथपालांना बडोद्यात बोलावून घेतले, आणि शहरांत, गावांत व फिरत्या पेट्यांतून खेड्यापाड्यांत पुस्तके पोहोचवणारी व्यवस्था उभी केली. मध्यवर्ती ग्रंथालयात त्या काळी मुलांसाठी वेगळे दालन होते. वयाच्या बाराव्या वर्षी जवळजवळ निरक्षर असलेला मुलगा हे सगळे करतो, ही गोष्ट उशिरा वाचायला लागलेल्या मुलाला अवश्य सांगावी. फक्त तिचे तात्पर्य सांगू नये. ते त्याला कळते.

मांडवीच्या त्या ग्रंथालयात किंवा तुमच्या भागातील कोणत्याही लायब्ररीत मुलाच्या स्वतःच्या नावाने सदस्यत्व घ्यावे, आणि कार्ड त्याच्याच पाकिटात राहू द्यावे. तिथे गेल्यावर पालकांनी मुलापासून दूर, आपल्याला हव्या त्या कपाटापाशी जावे. मुलाने काय निवडले याकडे पाहून भुवया उंचावू नयेत. त्याने चित्रकथा घेतली, भुताखेतांची पुस्तके घेतली, मोटारींच्या छायाचित्रांचे जाड पुस्तक घेतले किंवा जपानी मांगा मालिकेचा मधलाच भाग उचलला, तरी तो त्याचा निर्णय आहे. एका खेपेस जितकी पुस्तके मिळतात तितकी घ्यावीत, म्हणजे एक आवडले नाही तर दुसरे हाताशी असते, आणि न वाचता परत केलेल्या पुस्तकांचा हिशेब मागू नये. ग्रंथपाल शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे जे पाच नियम मांडले, त्यांत प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळावे असा एक नियम आहे आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा असा दुसरा. दोन्ही नियमांत वाचकाच्या वतीने दुसऱ्या कोणी निवड करावी असे कुठेही म्हटलेले नाही.

आपल्या लहानपणीची लाडकी पुस्तके मुलांना भेट देण्याचा मोह सर्वांनाच होतो. त्यांतली काही अजूनही ताजी आहेत, परंतु आईने किंवा बाबांनी डोळ्यांत पाणी आणून दिलेले पुस्तक नाकारणे मुलाला जड जाते, आणि म्हणून ते वाचणेही जड जाते. अशी पुस्तके घरात दिसतील अशा जागी ठेवावीत आणि त्यांच्याविषयी काही बोलू नये.

निवड मुलाची असली तरी त्याच्यासमोर काय येते हे आपल्या हातात असते, आणि इथे पालकांनी मनापासून मेहनत घ्यावी. मूल सध्या कशात बुडालेले आहे तिथून सुरुवात करावी. क्रिकेटवेड्या मुलाला वाचनाचे महत्त्व पटवण्यापेक्षा, मार्च १९४७ मध्ये याच शहरात झालेल्या रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात बडोद्याच्या विजय हजारे आणि गुल महंमद यांनी होळकर संघाविरुद्ध चौथ्या गड्यासाठी ५७७ धावांची भागी केली होती, त्या डावात हजाऱ्यांच्या एकूण २८८ आणि गुल महंमद यांच्या ३१९ धावा झाल्या, आणि प्रथम श्रेणी क्रिकेटमधला कोणत्याही गड्यासाठीचा तो सर्वोच्च भागीचा विक्रम २००६ पर्यंत अबाधित होता, एवढे त्याला सांगून पाहावे. तो पुढचे स्वतः शोधू लागतो. धावफलक वाचणारा मुलगा खेळाडूंची चरित्रे वाचतो, चरित्रे वाचणारा त्या काळाविषयी विचारू लागतो. हा प्रवास कधी कधी वर्षभर चालतो आणि त्याची घाई करता येत नाही.

ज्या मुलांना कथाकादंबऱ्यांत रस नाही त्यांना वाचनात रस नाही असा समज आपल्याकडे फार घट्ट आहे, आणि तो सोडून द्यायला हवा. पुष्कळ मुलांना, विशेषतः गोष्टींपेक्षा वस्तूंमध्ये रमणाऱ्यांना, माहितीपर पुस्तकेच आवडतात. कमाटीबागेतील संग्रहालयात जो निळ्या देवमाशाचा प्रचंड सांगाडा आहे तो १९४४ मध्ये मही नदीच्या मुखाशी वाहून आलेल्या माशाचा आहे. त्याच संग्रहालयात इजिप्तची ममीही आहे. विश्वामित्रीतील मगरी तर आपल्या मुलांनी डोळ्यांनी पाहिलेल्या असतात, २०२४ च्या ऑगस्टमधील पुरात त्या रस्त्यांवर आणि सोसायट्यांत आल्या तेव्हा घराघरांत दुसरा विषय नव्हता. कीर्तिमंदिरातील नंदलाल बोस यांची भित्तिचित्रे पाहिलेल्या चित्रकार मुलीला चित्रांविषयीचे पुस्तक हवे असते. चांपानेर-पावागड, जे २००४ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे, तिथे एक दिवस घालवून आल्यावर इतिहासाचे पुस्तक वेगळे दिसते. म्हणून आधी वस्तू किंवा जागा, आणि त्याच आठवड्यात, आठवण ताजी असताना, त्या विषयावरची दोन-तीन पुस्तके लायब्ररीतून घरात, असा क्रम ठेवावा. सहा महिन्यांनी आणलेल्या पुस्तकाचा उपयोग होत नाही.

पुस्तक जमेल की नाही हे ठरवण्यासाठी एक जुनी, साधी पद्धत आहे. मधलेच कोणतेही पान उघडावे आणि न समजलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मुडपावे. पान संपण्याआधी पाचही बोटे मुडपली गेली तर ते पुस्तक सध्या अवघड आहे असे समजून बाजूला ठेवावे. ही पद्धत मुलाला शिकवून ठेवावी, त्याच्यावर वापरू नये. तसेच तीस-चाळीस पाने वाचूनही मन लागले नाही तर पुस्तक सोडून देण्याची पूर्ण मुभा असावी. घेतलेले पुस्तक पुरे केलेच पाहिजे ही शिस्त ज्यांना आधीच वाचनाची आवड आहे त्यांना शोभते. जो अजून उंबरठ्यावर आहे त्याला ती घराबाहेर ठेवते.

आकाराचाही विचार करावा. तीनशे पानांची कादंबरी पाहूनच ज्यांचा उत्साह जातो त्यांना दहा-बारा पानांत संपणारी कथा द्यावी. या दृष्टीने आपल्या दिवाळी अंकांसारखी सोय दुसऱ्या कशात नाही. १९०९ पासून चालत आलेल्या या परंपरेत एकाच अंकात कथा, व्यंगचित्रे, प्रवासवर्णन, मुलाखत असे सगळे असते, कुठूनही उघडता येते, आणि न आवडलेले उलटून पुढे जाणे हीच तो वाचण्याची रीत असते. बालभारतीतर्फे १९७१ पासून निघणाऱ्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक इंटरनेटवर विनामूल्य वाचता येतात, आणि त्यांतले लेखन बहुधा दोन-तीन पानांत आटोपते.

वाचून दाखवणे

चौदा वर्षांच्या मुलाला वाचून दाखवायचे, ही कल्पना ऐकून बरेच पालक संकोचतात. मला मात्र या संपूर्ण विषयात याहून परिणामकारक दुसरे काही आढळलेले नाही. मूल स्वतः वाचायला शिकले की आपण त्याला वाचून दाखवणे बंद करतो, आणि नेमके तेव्हापासून पुस्तकातला आनंद जाऊन त्याच्या वाट्याला केवळ श्रम उरतात. कानांनी समजणारी भाषा ही डोळ्यांनी वाचता येणाऱ्या भाषेच्या कितीतरी पुढे असते, विशेषतः आपल्या घरांतल्या मुलांची मराठी. जे पुस्तक त्याला स्वतः वाचायला महिना लागेल आणि म्हणून जे ते कधीच वाचणार नाही, तेच त्याला ऐकताना पूर्ण समजते, हसवते आणि रडवतेही.

रात्री जेवणानंतर पंधरा-वीस मिनिटे पुरेशी आहेत. मुलाने समोर बसून ऐकलेच पाहिजे असे नाही. तो चित्र काढत असेल, बॅटची मूठ बांधत असेल, चपातीचे शेवटचे तुकडे खात बसला असेल, तरी हरकत नाही. घरात आजी किंवा आजोबा असतील तर त्यांनी वाचावे, कारण त्यांच्या तोंडची मराठी, तिच्यातले बडोदी वळण आणि मधूनच येणारे गुजराती शब्द यांसह, मुलांना जवळची असते. आवाज बदलण्याची, अभिनयाची आवश्यकता नाही. संथ आणि स्पष्ट वाचन पुरे. प्रकरण मात्र उत्कंठेच्या जागी थांबवावे आणि पुस्तक तिथेच टेबलावर सोडावे. पुढे काय झाले हे पाहण्यासाठी मुलाने दुसऱ्या दिवशी दुपारी ते स्वतः उघडले, तर ते पाहिल्याचे दाखवू नये आणि रात्री जिथे थांबलो होतो तिथूनच पुन्हा वाचावे. एकदा माहीत झालेले प्रकरण पुन्हा ऐकायला मुलांना आवडते.

वाचणाऱ्याने आपल्यालाही न आवडणारे पुस्तक रेटू नये. कंटाळा आवाजातून लगेच कळतो. विनोदी कथा, रहस्यकथा, शिकारीचे अनुभव, गिर्यारोहणाच्या आणि समुद्रप्रवासाच्या हकिकती या ऐकायला उत्तम, आणि लांबलचक निसर्गवर्णने असलेली पुस्तके ऐकायला तितकीच कठीण.

ज्या घरात संध्याकाळी सगळे एकत्र नसतात त्यांनी ध्वनिपुस्तकांचा उपयोग करावा. मराठी पुस्तके स्टोरीटेलसारख्या ॲपवर मोठ्या संख्येने ऐकता येतात. अहमदाबादला किंवा मुंबईला जाताना गाडीत ऐकण्याचा परिणाम फार चांगला होतो, कारण तिथे उठून जायला जागा नसते आणि सगळ्यांना एकाच वेळी तीच गोष्ट कळते. ऐकता ऐकता छापील पुस्तक समोर धरता आले तर दुहेरी लाभ होतो. शब्द कसा उच्चारायचा हे कानाला कळते आणि तो कसा दिसतो हे डोळ्यांना.

वेळ आणि जागा

वेळ मागून मिळत नाही, ती आधीच कशाला तरी बांधून टाकावी लागते. झोपण्यापूर्वीची वीस मिनिटे ही सर्वांत टिकाऊ वेळ आहे, अट एवढीच की त्या वेळी घरातील सगळ्यांचे मोबाईल बैठकीच्या खोलीत चार्जिंगला लागलेले असावेत, आई-बाबांचेही. केवळ मुलाचा फोन काढून घेतला तर पुस्तक हे शिक्षेचे साधन बनते. नवरात्रीत हे सुरू करू नये. बडोद्यात त्या रात्री गरब्याच्या असतात आणि तशाच असाव्यात. उतरायणाच्या आठवड्यालाही हेच लागू. दिवाळीची सुट्टी आणि मे महिना हे सुरुवातीसाठी सगळ्यात योग्य.

पुस्तके बंद कपाटात ठेवू नयेत. सोफ्याच्या हाताजवळ, जेवणाच्या टेबलावर, मुलाच्या अंथरुणाशी एकेक पुस्तक असावे आणि दर पंधरवड्याला ते बदलावे. आणि घरातील मोठी माणसे स्वतः वाचताना मुलाला दिसली पाहिजेत. याविषयी अधिक लिहिण्यासारखे नाही, कारण ते एकतर घडते किंवा घडत नाही.

बक्षिसे आणि प्रश्न

एक पुस्तक संपवले की शंभर रुपये, किंवा अर्धा तास वाचले की अर्धा तास गेम, असे करार पालक मोठ्या आशेने करतात. हे टाळावे, असे मी आग्रहाने सांगेन. मार्क लेपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात, चित्रे काढण्याची मुळातच आवड असलेल्या लहान मुलांपैकी काहींना चित्र काढल्यास बक्षीस मिळेल असे आधी सांगितले होते. पुढे मोकळ्या वेळात तीच मुले इतरांपेक्षा कमी चित्रे काढू लागली. जे आपण आनंदाने करत होतो ते आपण मोबदल्यासाठी करतो, असे मुलाच्या मनाने घेतले की मोबदला थांबताच कामही थांबते. पुस्तकाबद्दल द्यायचेच असेल तर दुसरे पुस्तक द्यावे, किंवा लायब्ररीतून परतताना दाबेली खावी. ती दाबेली सगळ्यांसाठी असावी, पुस्तक वाचलेले असो वा नसो.

बक्षिसापेक्षाही अधिक नुकसान आपले प्रश्न करतात. ‘काय वाचलंस? सांग बघू’, ‘या गोष्टीतून काय शिकलास?’, ‘किती पानं झाली?’ हे सगळे परीक्षेचे प्रश्न आहेत, आणि आपल्या मुलांच्या दिवसात परीक्षेला काही तोटा नाही. पुस्तकाविषयी बोलायचेच असेल तर मित्राशी बोलतो तसे बोलावे. ‘तो खोटं बोलला ते मला पटलं नाही, तुला?’ असे विचारावे, आणि उत्तर आले नाही तर गप्प राहावे. त्याहून बरे म्हणजे आपण जे वाचतो आहोत त्याविषयी स्वतःच बोलावे, एखादा परिच्छेद आपल्याला का आवडला किंवा का खटकला ते सांगावे. सारांश लिहून घेण्याची वही, शब्दार्थांची यादी, वाचलेल्या पुस्तकांचा तक्ता या गोष्टी सुट्टीत मुलांच्या मागे लावू नयेत. मुलाने स्वतःहून यादी ठेवली तर गोष्ट वेगळी.

या वयात मित्रमैत्रिणींचे शब्द आई-वडिलांच्या शब्दांपेक्षा वजनदार असतात, आणि याचे वाईट न वाटून घेता त्याचा उपयोग करावा. सोसायटीतील चार-पाच घरांनी मिळून जिन्याखाली किंवा क्लबहाउसमध्ये एक खुले कपाट ठेवावे, ज्यात कोणीही पुस्तक ठेवावे आणि कोणीही न्यावे, नोंदवही न ठेवता. काही पुस्तके हरवतील, ती हरवू द्यावीत. कपाटाची व्यवस्था मोठ्या मुलांकडे सोपवावी. ज्या मुलीला वाचायला आवडत नाही तिला पुस्तके लावण्याचे, वर्गवारी ठरवण्याचे, लहान मुलांना शनिवारी गोष्ट वाचून दाखवण्याचे काम आवडू शकते, आणि लहानांना वाचून दाखवताना सोपी पुस्तके वाचण्याची लाज राहत नाही. मराठीत अडखळणाऱ्या किशोरांसाठी तर हा फार सन्मानाचा मार्ग आहे.

मराठीकडे वळवताना

मूल कोणत्याही भाषेत आपणहून पुस्तक उचलू लागले, सलग तीन-चार पुस्तके त्याने स्वतः निवडून संपवली, की मग मराठी वाचनाचे काम हाती घ्यावे. त्याआधी नको. तोवर त्याने इंग्रजीत वाचले, गुजरातीत वाचले, तरी मराठी घराचे काही बिघडत नाही. वाचणारा माणूस पुढेमागे आपल्या भाषेकडे येऊ शकतो, न वाचणाऱ्याला ती वाटच नसते. याबाबत घरातील वडीलधाऱ्यांशी आधी बोलून घ्यावे, कारण ‘अरे, तुला मराठी वाचता येत नाही?’ हे वाक्य एका लग्नसमारंभात बोलले गेले तर महिन्यांची मेहनत वाया जाते.

सुरुवात आधी ऐकलेल्या पुस्तकापासून करावी. जे प्रकरण आजीने वाचून दाखवले, तेच मुलाने स्वतः वाचले की पुढे काय येणार हे त्याला माहीत असते, आणि लांब शब्द अंदाजाने सुटतात. दुसरा उपाय म्हणजे इंग्रजीत वाचून आवडलेल्या पुस्तकाचा मराठी अनुवाद. गोष्ट ओळखीची असल्यामुळे इथेही भाषेचा भार हलका होतो. तिसरा, एका आड एक पान वाचण्याचा: एक पान आईने, एक पान मुलीने, आणि मुलगी अडली तर न थांबता तो शब्द उच्चारून पुढे जायचे, दुरुस्ती करत बसायचे नाही. च आणि ज यांचे दोन-दोन उच्चार कुठे कोणता, हे तिला बोलण्यातून आधीच येते, त्यामुळे वाक्याचा अर्थ लागला की उच्चार आपोआप बरोबर होतो. नाटकाच्या संहिता यासाठी विशेष उपयोगी आहेत, कारण वाक्ये छोटी असतात, भाषा बोलण्यातली असते आणि भूमिका वाटून घेऊन सगळ्या घराला वाचता येते. अक्षरांचा आकार मोठा आणि ओळींतील अंतर सैल असलेल्या आवृत्त्या पाहून घ्याव्यात. जुन्या, बारीक टायपातल्या प्रती कितीही प्रेमाने जपलेल्या असल्या तरी नव्या वाचकाला त्या देऊ नयेत.

रोज दहा मिनिटे याप्रमाणे चालले तर एका सुट्टीत वेगात फरक जाणवू लागतो, मात्र तो प्रत्येकात सारखा नसतो. शाळा सुरू झाल्यावर हे प्रमाण खाली येईल, तेव्हा आठवड्यातून दोन वेळांवर समाधान मानावे. काही आठवडे पूर्ण खंड पडला तरी त्याची चर्चा करू नये आणि पुन्हा वाचून दाखवण्यापासून आरंभ करावा.

दहावीच्या वर्षी बहुतेक घरांत अवांतर पुस्तके आवरून ठेवली जातात. तसे करू नये. त्या वर्षी नवे काही सुचवू नये, मराठीचा सराव थांबवला तरी चालेल, परंतु अंथरुणाजवळचे एक पुस्तक आणि झोपण्यापूर्वीची पंधरा मिनिटे मुलाकडून काढून घेऊ नयेत, आणि लायब्ररीचे सदस्यत्व मार्चआधी संपत असेल तर त्याचे नूतनीकरण पालकांनी आठवणीने करून ठेवावे.